बुरशीचे ठोकळे करताय? या चुका टाळा

भुसकट, पेंढा, पाचट पिशवीत भरून त्यात धिंगरी अळंबीचं किंवा गॅनोडर्मा या लाकडावर वाढणाऱ्या बुरशीचं कवकजाल, म्हणजे धाग्यांचं जाळं, वाढवलं आणि मग साच्यात दाबलं की थर्माकोलच्या जागी वापरता येणारा ठोकळा तयार होतो. अमेरिकेतली इकोव्हेटिव्ह ही कंपनी २००७ पासून यात आहे. २०१४ मध्ये न्यूयॉर्कला अशा सुमारे १०,००० विटांचा मनोरा उभा राहिला होता. त्याचे फोटो पाहून लोक माझ्याकडे शिकायला येतात आणि महिन्याभराने हिरवी पडलेली पिशवी घेऊन परत येतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोंडा किती घातला?

कोंडा म्हणजे नत्र आणि स्टार्च. थोडा असला तर वाढ जोमाने होते. पण आपली बुरशी लाकूड-काडी सावकाश पचवणारी आहे, आणि आयतं खाणं दिसलं की ट्रायकोडर्मा, म्हणजे ती हिरवी बुरशी, तिच्या आधी पंगतीला बसते.

गेल्या श्रावणात मेणबत्त्यांच्या पेट्यांसाठी ३० साच्यांचं काम होतं. हाताखालच्या मुलाने मला न विचारता १० किलो सोयाबीन भुसकटात अडीच किलो गव्हाचा कोंडा घातला, "लवकर धरेल" म्हणून. वर भुसकट नुसतं गरम पाण्यातून काढलेलं. चौथ्या दिवशी पिशवीला हात लावला तर तापलेल्या पोराच्या कपाळासारखी लागली. मधोमध थर्मामीटर खुपसला: ३९ अंश. खोलीत २७. सहाव्या दिवशी आंबूस वास आणि कडेने पोपटी ठिपके. एकही पिशवी वाचली नाही.

माझा हिशोब साधा आहे. कोरड्या वजनाच्या ५ टक्के कोंडा, फार तर १०. आणि कोंडा घालायचाच तर १५ पौंड दाबावर, १२१ अंशांना दोन तास वाफवायचं. तेवढी सोय नसेल आणि गरम पाण्यावरच भागवायचं असेल, तर कोंड्याला हात लावू नका. वाढीला आठवडा जास्त लागतो, लागू द्या.

दुसरी चूक म्हणजे कोंडा कुठेही पडू देणं. खाणं कमी तिथे बुरशीचे धागे विरळ, लांब पळतात. भरपूर तिथे फांद्या फोडून दाट होतात. ओल्या भुसकटावर कोंडा भुरभुरलात की त्याच्या गुठळ्या होतात. गुठळीपाशी पांढरा गोळा आणि मधला भाग ठिसूळ. असा ठोकळा वाकवला की नेमका तिथेच मोडतो. म्हणून मी कोंडा कोरड्या भुसकटात हाताने चोळून घेते, पाणी नंतर.

याच स्वभावाचा फायदाही घेता येतो. पिशवी पूर्ण पांढरी झाली की माल हाताने मोकळा करायचा, किलोला दोन चमचे मैदा मिसळायचा आणि साच्यात दाबायचा. तुटलेले धागे त्या खाण्यावर चार-पाच दिवसांत पुन्हा जुळतात आणि वर गुळगुळीत साल धरते. तोवर बुरशीने जागा पक्की धरलेली असते, म्हणून मैदा चालतो. हाच मैदा पहिल्या दिवशी बुरशीच्या बियाण्यासोबत (धान्यावर वाढवलेल्या विरजणासोबत) घालणारे काही कमी नाहीत, आणि त्यांच्या पिशव्या मी न बघताही सांगू शकते.

पाणी: मूठ आवळल्यावर एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पसरून निथळू द्या.

फार जाड साच्यात हवा आत पोचत नाही, पोट कच्चं राहतं. साच्याला भोकं पाडा.

उजेड आणि मोकळी हवा जास्त मिळाली की अळंबीच्या छत्र्या फुटतात. साचे झाकून, अंधारात ठेवा.

नुसतं उन्हात वाळवू नका. उन्हाने बुरशी मरेलच असं नाही; ओल लागली की पुन्हा फुटते. मी ड्रायरमध्ये ८० अंशांना ठेवते आणि दर दोन तासांनी वजन करते. लागोपाठ दोनदा काटा तेवढाच दाखवला की ठोकळा बाहेर.

आणि हिरवी पडलेली पिशवी घरात उघडून बघू नका. तशीच बंद, शेताच्या कडेला नेऊन पुरा.