रूफ गटरचं इन्सुलेशन करताय? मग या चुका टाळा

मराठीत गटर म्हटलं की डोळ्यासमोर रस्त्याकडेचं गटर येतं, पण इथे विषय छपराच्या पन्हळीचा आहे. आणि पहिली चूक इथेच होते, कारण कुठल्या पन्हळीला इन्सुलेशन लागतं हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. वळचणीला बाहेर लटकलेली जी पन्हळ असते ना, तिच्या खाली मोकळी हवा असते, ती इमारतीच्या उबदार भागाच्या बाहेर आहे, तिला कितीही फोम गुंडाळा, ऊर्जेच्या हिशेबात शून्य फरक. इन्सुलेशन लागतं ते दोन उतारांच्या मधल्या व्हॅली गटरला आणि पॅरापेटच्या, म्हणजे छपराच्या कडेच्या कठड्याच्या, मागे लपलेल्या गटरला, कारण त्यांच्या खाली थेट गरम केलेली खोली असते, म्हणजे पन्हळीचा तळ हाच तिथला छप्पर.

"अहो पण एवढीशी पट्टी, तिने काय होणार?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता सरळ हिशेबच मांडतो. यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट ऊब जाते तो आकडा. समजा छप्पर १००० चौरस मीटर, यू-व्हॅल्यू ०.२, म्हणजे एक अंशाच्या फरकाला २०० वॅट बाहेर जातात. आता त्यातली व्हॅली ४० मीटर लांब, पत्र्याची पसरलेली रुंदी ६० सेंटिमीटर, म्हणजे २४ चौरस मीटर. नुसत्या पत्र्याचा यू साधारण ७. गुणाकार करा, १६८ वॅट! अख्ख्या छपरातून जेवढी ऊब जाते जवळपास तेवढीच या पट्टीतून जाते. तिथे ६० मिमी पीआयआर बोर्ड (कडक फोमचा इन्सुलेशन बोर्ड) नीट बसवला की यू ०.३५ च्या आसपास येतो आणि तेच १६८ वॅट साडेआठवर येतात.

म्हणून छप्पर बदलताना "पत्रे आत्ता, पन्हळ पुढच्या वर्षी" असं करू नका. नियमही बहुतेक ठिकाणी कामाच्या व्याप्तीवर लागू होतात, युरोपियन युनियनच्या २०१० च्या निर्देशात इमारतीच्या बाह्य आवरणाचा २५ टक्क्यांहून जास्त भाग नव्याने करणं हा मोठं नूतनीकरण ठरवायचा एक निकष दिलाय. तुमच्या भागातला उंबरठा काय आहे ते कोटेशन मागायच्या आधी बघा, नंतर नाही.

आता सगळ्यात जास्त माती खाल्ली जाते ती जॉइंटवर. पन्हळ तीन-तीन मीटरच्या तुकड्यांत येते, तुकड्यांना आतल्या-बाहेरच्या दोन पत्र्यांमध्ये इन्सुलेशन फॅक्टरीतून लावलेलं असतं, पण बोल्ट मारायला प्रत्येक जोडावर पाचेक सेंटिमीटर उघडा पत्रा राहतो आणि कामगार त्यावर सिलिकॉनची रेघ मारून पुढे जातो. दिसायला किरकोळ. पण ३ मीटरमागे ५ सेंटिमीटर उघडं राहिलं तर तो ०.३५ चा आकडा ०.४६ वर जातो, आणि हे फक्त जोडांचं झालं, कडेला आतला आणि बाहेरचा पत्रा एकमेकांना टेकले असतील तर ते वेगळंच, स्टील पीआयआरपेक्षा दोनेक हजार पटींनी जास्त उष्णता वाहतं. तिथे थर्मल ब्रेकची, म्हणजे दोन पत्र्यांमधून उष्णता जाऊ न देणारी, पट्टी हवीच. ड्रॉइंगमध्ये ती दाखवलीये का, आणि दाखवलेली साइटवर खरंच आली का, दोन्ही बघा.

काम झाल्यावर पाणी ठिबकायला लागलं की लगेच वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावतात. थांबा जरा. पाऊस नसताना, थंड सकाळी ठिबकतंय? मग ती गळती नाही, आतल्या हवेतलं बाष्प आहे. २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर १२ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागाला घाम फुटणारच. पन्हळीला खालून, म्हणजे खोलीच्या बाजूने इन्सुलेशन चिकटवलेलं असेल तर पहिला संशय तिथेच घ्या, कारण खोलीतली हवा फटींतून मागे जाते, थंड पत्र्याला लागते आणि पाणी होतं, रॉकवूल असेल तर ते पाणी पिऊन बसतं आणि पत्रा आतून गंजतो. उबदार बाजूला बाष्परोधक थर सलग, टेप मारून हवा. माझं मत विचाराल तर जागा असेल तिथे इन्सुलेशन पत्र्याच्या वरच घाला आणि त्यावर मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पातळ थर), म्हणजे पत्रा उबदार राहतो. आणि पाऊस पडतानाच, पण जोडापासून लांब, पन्हळीचं पाणी खाली नेणाऱ्या डाऊनटेक पाइपवर थेंब दिसत असतील तर पाइपातून गार पाणी जातंय म्हणून बाहेरून घाम येतोय, आउटलेट (पन्हळीतून पाणी पाइपात जायचं तोंड) आणि आतला पाइप दोन्ही गुंडाळायचे राहिलेत.

वरून घालायचं म्हटलं की मात्र जागेचा प्रश्न येतो. ३०० मिमी रुंद, १५० मिमी खोल पन्हळीत तोच ६० मिमीचा बोर्ड तळाला आणि दोन्ही बाजूंना लावला की उरतं १८० बाय ९०. आडवा छेद ४५० चौरस सेंटिमीटरवरून १६२ वर! ताशी ७५ मिमी पावसात छपराच्या दर १०० चौरस मीटरमागे मिनिटाला १२५ लिटर पाणी येतं, ते त्या चिंचोळ्या जागेतून जाणार आहे का? एका गोदामात हे कुणी तपासलंच नव्हतं, पहिल्याच मोठ्या पावसात पाणी कडेवरून आत, आणि ओव्हरफ्लोचं, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडायचं, तोंड नव्या बोर्डामागे बुजवून टाकलेलं. बोर्ड घालायच्या आधी ड्रेनेजचा हिशेब नव्याने करा, गरज पडली तर पन्हळच मोठी घ्या.

बर्फ पडणाऱ्या भागात अजून एक गंमत आहे. जुनी पन्हळ आतली ऊब वाया घालवून बर्फ वितळवत होती, फुकटचा हीटरच म्हणा. इन्सुलेशन केलं की तो बंद, बर्फ तिथेच साचून राहतो, आणि दबलेला बर्फ घनमीटरला २०० ते ३०० किलो भरतो. खालच्या स्ट्रक्चरला हे वजन झेपतं का ते इंजिनिअरकडून बघून घ्या, आउटलेट गोठू नये म्हणून हीटिंग केबल लागेल तर तिचं वायरिंग आत्ताच टाका.

ॲल्युमिनियमची लांब पन्हळ असेल तर १० मीटरला ५० अंशांच्या फरकात १२ मिमी वाढते, एक्स्पान्शन जॉइंट (पत्र्याला वाढायला जागा देणारा सांधा) गाळलात तर मेम्ब्रेन फाटणार. शेजारच्या हद्दीला लागून असेल तर तिथे कुठलं इन्सुलेशन चालतं हे आगीच्या नियमांत बघा.

झाकायच्या आधी प्रत्येक जोडाचा फोटो काढून ठेवा, आउटलेट बंद करून पन्हळ भरा आणि रात्रभर तशीच ठेवा. सकाळी पातळी उतरली असेल तर फायनल बिल अजून द्यायचं नाही.