गाता नट: संगीत रंगभूमी आणि मालिका एकत्र सांभाळताना

संगीत नाटकात काम करण्याची इच्छा घेऊन येणाऱ्या तरुणांचा पहिला प्रश्न बहुधा असा असतो की, किती वर्षे गाणे शिकल्यावर रंगमंचावर उभे राहता येईल. वर्षांचा हिशेब सांगता येतो, पण त्याने काम भागत नाही. गळा उत्तम असूनही पद, म्हणजे नाटकातले गाणे, सुरू होताच भूमिका बाजूला ठेवून मैफिलीत बसल्यासारखी समोर पाहू लागणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि गद्य सुरेख बोलणारी पण पद आले की ते कसेबसे उरकून सुटकेचा श्वास टाकणारीही पाहिली आहेत. गाता नट या दोघांपेक्षा वेगळा असतो. त्याच्या बाबतीत बोलणे कोठे संपले आणि गाणे कोठे सुरू झाले, हे प्रेक्षकाला क्षणभर कळतही नाही. आज केवळ संगीत नाटकावर घर चालवणे जवळजवळ अशक्य असल्यामुळे अशा नटाला दूरचित्रवाणीच्या मालिकांतही काम करावे लागते, म्हणून दोन्ही क्षेत्रांची तयारी कशी करावी आणि एकामुळे दुसऱ्याचे नुकसान कसे टाळावे, हे येथे सांगत आहे.

पायाभूत तयारी

रागसंगीताचे शिक्षण गुरूसमोर बसून निदान चार-पाच वर्षे घ्यावे. त्याला पर्याय नाही. नाट्यपदे ऐकून ऐकून गळ्यात बसवता येतात, परंतु तसे केल्यास मूळ गायकाच्या मुरक्या आणि लकबीही गळ्यात बसतात आणि त्या पुढे काढता निघत नाहीत. सकाळचा खर्जाचा, म्हणजे खालच्या सुरांचा, रियाज आणि संध्याकाळी मोठ्याने केलेले गद्यवाचन ही दोन कामे एकाच दिवशी व्हावीत, कारण रंगमंचावर एकाच गळ्याला दोन्ही करायची आहेत.

नाट्यशिक्षणासाठी पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची नाट्यशाखा असे चांगले मार्ग आहेत. ज्यांना पूर्णवेळ शिक्षण शक्य नाही त्यांनी राज्य शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयातर्फे होणाऱ्या संगीत नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्थेशी जोडून घ्यावे. तेथे पहिल्या वर्षी नांदीच्या, म्हणजे नाटकाआधीच्या प्रार्थनागीताच्या, समूहात उभे राहावे लागले तरी कमीपणा मानू नये. नांदीत उभा राहणारा मुलगा विंगेत थांबून संपूर्ण नाटक रोज ऐकतो, ऑर्गनवादकाची बोटे पाहतो आणि तिसरी घंटा झाल्यावर मोठ्या नटांच्या पोटातही गोळा येतो, हे जवळून अनुभवतो.

पद बसवताना

विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत पात्रांच्या वतीने सूत्रधार गात असे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात संगीत शाकुंतल रंगमंचावर आणले, तेव्हा पात्रे आपली पदे स्वतः गाऊ लागली. पद बसवताना हा बदल नटाने सतत डोळ्यांसमोर ठेवावा असे मला मनापासून वाटते. पात्र स्वतः गात आहे, याचा अर्थ ते स्वतःच्या मनातले काहीतरी समोरच्याला सांगत आहे, आणि तेही त्या क्षणी नुसत्या बोलण्याने सांगता येत नाही म्हणून गात आहे.

सुरुवात मोठ्या पदांपासून करू नये. किर्लोस्कर आणि देवलांच्या नाटकांत साक्या, दिंड्या, कामदा असे छोटे छंद ठिकठिकाणी आहेत. नवे शिकणारे त्यांना भरतीची जागा समजून ओलांडून जातात, पण गाता नट घडतो तो येथेच. साकी म्हणजे जवळजवळ सुरात बोललेले वाक्य असते; तिच्यात ताना घेण्याला वाव नसतो आणि शब्द लपवण्यालाही जागा नसते. दहा साक्या-दिंड्या अर्थासह आणि मागच्या-पुढच्या संवादासह नीट म्हणता आल्या, की मगच ठेक्यातल्या पदाकडे वळावे.

पद हाती घेतल्यावर पहिले काही दिवस चाल पूर्णपणे बाजूला ठेवावी. संगीत सौभद्रातील सुभद्रेचे ‘वद जाऊ कुणाला शरण’ घ्या. बलरामाने तिचे लग्न दुर्योधनाशी ठरवले आहे, अर्जुन जवळ नाही आणि तिच्यापुढचे रस्ते एकेक करून बंद होत आहेत. ‘वद’ हा शब्द आज्ञार्थी आहे, म्हणजे ती कोणाला तरी विचारते आहे. ती एकटीच हुंदके देत बसलेली नाही. हे पद गद्यासारखे बोलून पाहिले की प्रश्नाचा जोर कोठे पडतो ते आपोआप कळते. त्यानंतर चाल लावली तर आलाप त्या प्रश्नाच्या पोटातून येतो. उलट क्रमाने गेल्यास आधी आलाप येतो आणि मग त्यात दुःख भरावे लागते, आणि असे भरलेले दुःख शेवटच्या रांगेलाही ओळखू येते.

पदाची उचल, म्हणजे बोलण्यातून गाण्यात शिरणे, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. संवादाचे शेवटचे वाक्य कोणत्या स्वराच्या आसपास संपते, ऑर्गन तेथे कधी सूर धरतो, आणि नट त्या सुरावर किती सहज पाऊल ठेवतो, यावर पदाचे निम्मे यश ठरते. यासाठी ऑर्गनवादक आणि तबलजी यांच्याबरोबर केवळ पदांचीच नव्हे, तर पदाआधीच्या पाच-सहा वाक्यांसह तालीम करावी. साथीदारांना रंगीत तालमीलाच बोलावण्याची सवय अनेक मंडळींना पैशांच्या चणचणीमुळे लागली आहे. शक्य असेल तेथे नटाने पदरमोड करूनही एखादी जास्तीची तालीम मागून घ्यावी.

पट्टीचा, म्हणजे कोणता स्वर षड्ज (सा) धरून गायचे याचा, प्रश्न वेळीच सोडवावा. पुरुष काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीत) गात असेल आणि स्त्री काळी तीनमध्ये, तर त्याचा मध्यम हा तिचा षड्ज होतो, त्यामुळे एकापाठोपाठ येणारी पदे बेसूर न वाटता जोडता येतात. मात्र दोघांनी एकत्र म्हणायच्या ओळींसाठी तडजोड करावीच लागते. ही चर्चा पहिल्याच तालमीत व्हावी. प्रयोगाच्या दिवशी पट्टी अर्ध्या स्वराने खाली आणण्याची वेळ आली, तर नटाचे लक्ष दिवसभर भूमिकेऐवजी गळ्याकडेच राहते.

पद किती वेळ गावे, याबाबत माझे मत कडक आहे. जुन्या काळी नाटके रात्रभर चालत, पदांची संख्या शंभराच्या पुढे जाई, आणि वन्समोअर घेणे हा प्रेक्षकांचा हक्कच मानला जाई. बालगंधर्वांसारख्या कलावंताने त्या विस्तारातही भूमिका जिवंत ठेवली, हे खरे. पण ते आदर्श डोळ्यांपुढे ठेवून पंचविशीतल्या नटाने एका पदासाठी नाटक दहा मिनिटे थांबवू नये. संगीतकार जितेंद्र अभिषेकींनी 1960 च्या दशकात पदे मोजकी आणि आटोपशीर केली, तेव्हापासून नाटकाचा ओघ सांभाळणे ही नटाचीही जबाबदारी झाली आहे. त्यांचेच संगीत असलेल्या, 1967 साली आलेल्या कट्यार काळजात घुसली या नाटकाचा अभ्यास प्रत्येक गात्या नटाने करावा. त्यात ‘घेई छंद मकरंद’ हेच शब्द दोन वेगळ्या चालींत येतात आणि दोन घराण्यांचे स्वभाव, दोन माणसांची जातकुळी ऐकणाऱ्यापुढे उभी राहते. गायकीने पात्र रंगवणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. त्या नाटकातला वसंतराव देशपांड्यांनी रंगवलेला खाँसाहेब ध्वनिमुद्रणांतून अवश्य ऐकावा, पण त्यांची तान उचलू नये; ती तान त्या खाँसाहेबाच्या स्वभावातून आली होती, तशी आपल्या भूमिकेची तान आपण शोधावी.

कॅमेऱ्यासमोर जाताना

रंगभूमीवरचा गाता नट कॅमेऱ्यासमोर जाणे हे काही आजचे नाही. स्वतः बालगंधर्वांनी प्रभातच्या 1935 सालच्या धर्मात्मा चित्रपटात एकनाथांची भूमिका केली, पण त्यांचे घर रंगभूमीच राहिले. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यापासून मराठी नटाला छोटा पडदा उपलब्ध झाला, आणि खासगी वाहिन्यांच्या दैनंदिन मालिकांनी तर त्याला नियमित उत्पन्न मिळवून दिले. या कामाकडे तुच्छतेने पाहणाऱ्या मंडळींशी मी सहमत नाही. कसोशीने केले तर मालिकेतले काम नटाची स्मरणशक्ती आणि तत्परता विलक्षण वाढवते, कारण संवादाची पाने अनेकदा त्याच दिवशी हाती येतात.

संगीत नटाच्या काही सवयी मात्र कॅमेऱ्याला लगेच दिसतात. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्याच्या सवयीमुळे तो वाक्याच्या शेवटी हेल काढतो, भुवया उंचावतो, आणि हशा किंवा टाळी येईल या अपेक्षेने वाक्यानंतर किंचित थांबतो. मालिकेत माइक छातीशी असतो आणि कॅमेरा चेहऱ्याजवळ असतो. यासाठी घरी एक साधा सराव करावा: दहा वाक्यांचे एक स्वगत मोबाइलवर तीन अंतरांवरून चित्रित करावे, एकदा खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून, एकदा सहा-सात फुटांवर आणि एकदा हातभर अंतरावर. तिन्ही वेळा भावना तितकीच खरी हवी, बदलायचे ते केवळ तिचे बाह्य रूप. महिनाभरात फरक डोळ्यांना दिसू लागतो.

एका बाबतीत गाता नट इतरांच्या पुढे असतो. मालिकेत एकच प्रसंग आधी मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र दाखवणाऱ्या दूरच्या चित्रणात, आणि मग क्लोजअपमध्ये पुन्हा पुन्हा करावा लागतो, आणि पेला कोणत्या शब्दावर उचलला, मान कोणत्या शब्दावर वळली, हे दर वेळी तंतोतंत जुळावे लागते. ज्याने वर्षानुवर्षे ठरलेल्या मात्रेवर समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, येण्याचा अभ्यास केला आहे, त्याने प्रत्येक हालचाल एकेका शब्दाला बांधून टाकली, तर कंटिन्युइटीची, म्हणजे शॉट एकमेकांशी जुळण्याची, चिंता उरत नाही.

ऑडिशनला साध्या रंगाचे कपडे, मोकळी भिंत आणि चेहऱ्यावर पुरेसा उजेड एवढे पुरते. सांगितल्याशिवाय गाऊन दाखवू नये. गाणे येते, हे परिचयात एका वाक्यात सांगावे.

करार, तारखा आणि आवाज

दोन्ही क्षेत्रांत काम करणाऱ्याचे खरे नुकसान तारखांच्या गोंधळामुळे होते. नाट्यगृहांच्या तारखा काही महिने आधी ठरतात, तर मालिकेचे वेळापत्रक दोन दिवस आधीही बदलते. म्हणून मालिकेचा करार करण्यापूर्वी महिन्यातून किती दिवस द्यायचे, प्रयोगांसाठी कोणते दिवस मोकळे मिळणार आणि मालिका सोडायची झाल्यास किती दिवसांची सूचना द्यायची, या तिन्ही गोष्टी लेखी घ्याव्यात. मला एकदा अशाच ‘बघू, होऊन जाईल’ या तोंडी भरवशावर रात्रभर चित्रीकरण करावे लागले आणि दुपारच्या प्रयोगात तिसऱ्या अंकातल्या पदाला तार षड्ज, म्हणजे वरचा सा, लागलाच नाही. तबलजीने ठेका सावरून मला ओळ खालून घेऊ दिली, म्हणून पद पार पडले. त्यानंतर प्रयोगाच्या आदल्या रात्रीचे चित्रीकरण मी कधीही स्वीकारले नाही, आणि नव्यांनीही स्वीकारू नये असा माझा आग्रह आहे.

पैशांबाबत थोडक्यात सांगतो. नाटकाची नाईट, म्हणजे दर प्रयोगाचे मानधन, बहुधा प्रयोगाच्या दिवशीच मिळते. मालिकेचे मानधन मात्र साधारण तीन महिन्यांनी हाती येते आणि त्यातून 10 टक्के कर आधीच कापलेला असतो, तेव्हा विवरणपत्र वेळेवर भरून हिशेब जुळवावा. मालिका कधीही बंद पडू शकते किंवा आपल्या पात्राचा ट्रॅक संपू शकतो, त्यामुळे सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याखेरीज मोठे हप्ते डोक्यावर घेऊ नयेत.

आवाजाची निगा मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. सेटवर बारा-बारा तास वातानुकूलित गारवा, धूळ आणि कधी कधी धूर असतो. त्यात रडण्या-ओरडण्याचे प्रसंग आले की, जो गळा रियाजाने कमावला तो एका दुपारीत खरवडून निघतो. दिग्दर्शकाला नम्रपणे सांगून तालमीत आणि दूरच्या शॉटमध्ये आवाज अर्धा ठेवावा आणि पूर्ण जोर क्लोजअपसाठी राखावा. बहुतेक दिग्दर्शक हे समजून घेतात. घसा बसल्यावर कुजबुजत बोलणे हा उपाय नव्हे, त्याने स्वरतंतूंवर ताणच येतो. अशा वेळी पूर्ण मौन बरे. पाणी घोटघोट घेत राहावे, वाफ घ्यावी, आणि प्रयोगानंतर उशिरा जेवून लगेच आडवे होणे टाळावे, कारण पोटातले आम्ल वर येऊन स्वरतंतूंना इजा करते. घोगरेपणा दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकला तर घरगुती उपाय थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे. चित्रीकरणाच्या दिवसांतही सकाळची वीस मिनिटे खर्जासाठी राखावीत, मग कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर होण्याची वेळ, कितीही पहाटेचा असो.

शेवटची सूचना वहीची आहे. प्रत्येक प्रयोगानंतर त्या रात्री पट्टी कोणती होती, उचल कोठे चुकली, कोणत्या पदाला प्रेक्षक खरोखर शांत झाले आणि कोठे चुळबुळ झाली, हे चार ओळींत लिहून ठेवावे, आणि पदांचे स्वरलेखनही त्याच वहीत करावे. पुढे एखाद्या आजारी नटाच्या जागी ऐनवेळी उभे राहावे लागले, किंवा वय झाल्यावर आपली भूमिका दुसऱ्याला शिकवायची वेळ आली, की ही वही उघडून पहिल्या तालमीपासून सुरुवात करता येते.