खोल खोदाईसाठी स्ट्रट निवडताना

स्ट्रटचं (खड्ड्याच्या समोरासमोरच्या भिंती आत येऊ नयेत म्हणून मध्ये लावलेल्या आडव्या टेकूचं) नुसतं वजन पाहू नका, लांबी पाहा. लांब, सडपातळ स्ट्रट चिरडून नव्हे, वाकून जातो. मधल्या आधाराशिवायची लांबी दुप्पट झाली की त्याची ताकद चौथाईवर येते. म्हणून दोन भिंतींमधलं अंतर मोठं असेल तर गोल पाइपच बरा, तो सगळ्या बाजूंनी सारखा ताठ असतो. उन्हाचाही हिशेब धरा: २० मीटरचा पोलादी स्ट्रट २० अंशांनी तापला तर जवळपास ५ मिमी वाढू पाहतो. भिंत हलत नसेल तर तो सगळा दाब स्ट्रटमध्येच चढतो. टोकाशी वेलरच्या (भिंतीलगतच्या आडव्या तुळईच्या) वेबला, म्हणजे तिच्या मधल्या पत्र्याला, स्टिफनर (ताठपणा देणारी पट्टी) हवाच, नाहीतर स्ट्रट शाबूत राहतो आणि वेब चुरगळते. जॅकने ठरलेला दाब देऊन पाचर घट्ट बसेपर्यंत पुढची माती उचलू नका.