गाजराची कांजी करताना मीठ अंदाजाने नको, तोलून घाला

पहिल्यांदा कांजी करते म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, "कपड्यांना घालायला का गं?" आपल्याकडे कांजी म्हणजे खळ, त्यांचं काही चुकलं नाही. पण ही कांजी म्हणजे उत्तरेतलं आंबवलेलं आंबट पेय, पंजाब-दिल्लीकडे थंडीत आणि होळीच्या आसपास काळ्या गाजरांची करतात. आपल्याकडे काळी गाजरं सहसा मिळत नाहीत, म्हणून लाल गाजर आणि रंगाला थोडं बीट.

तर १ लिटर पाणी उकळून पूर्ण गार करून घ्या. ३०० ग्रॅम गाजर आणि १०० ग्रॅम बीट स्वच्छ धुऊन, सोलून, बोटाएवढे लांब तुकडे. २ मोठे चमचे मोहरी मिक्सरमधून जाडसर फिरवलेली, १ लहान चमचा तिखट. आणि मीठ, इथेच सगळे घोळ होतात, कारण रेसिपीत लिहिलेलं असतं "चवीनुसार". इथलं मीठ चवीसाठी नाहीच मुळी, नको ते जंतू दाबून ठेवायला आणि आंबवणाऱ्या जंतूंना सवड मिळावी म्हणून आहे. पाणी आणि भाज्या मिळून १४०० ग्रॅम होतात, त्याचे २ टक्के म्हणजे २८ ग्रॅम, उन्हाळा असेल तर अडीच टक्के, म्हणजे ३५. चमच्याने मोजू नका, खडे मीठ आणि बारीक मीठ एका चमच्यात सारखं मावत नाही. स्वयंपाकाचा छोटा वजनकाटा एकदा घेऊन टाका, पुढे केकलाही लागतो.

बरणी काचेची, गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवलेली. सगळं घालून ढवळा आणि वर चार बोटं जागा सोडा. गाजरं वर तरंगतात आणि जो तुकडा पाण्याबाहेर राहतो त्यालाच बुरशी धरते, म्हणून छोट्या झिपच्या पिशवीत मिठाचं पाणी भरून ती वर ठेवा (साधं नको, फुटली तर कांजी पातळ होईल). झाकण सैल ठेवा. मी पहिल्या वेळी घट्ट लावलं होतं, तिसऱ्या दिवशी उघडलं आणि बीटाचं पाणी थेट ओट्यामागच्या टाइल्सवर, गॅस होतो ना आत.

पुण्याच्या थंडीत ४-५ दिवस लागतात, मे महिन्यात दोन दिवसांतच आंबते. रोज स्वच्छ कोरड्या चमच्याने ढवळा आणि वास घ्या, आंबटसर मोहरीचा वास यायला हवा. आंबटपणा मोजायचा तर पीएचची पट्टी मिळते (आकडा जितका कमी तितकं आंबट), ४.६ च्या खाली हवंच, मी ४ च्या आसपास आली की थांबते. पण बीटाच्या रंगात पट्टी वाचताच येत नाही! म्हणून शेजारी एका छोट्या बाटलीत बीट न घालता त्याच प्रमाणात नुसत्या गाजराची ठेवते आणि पट्टी त्यात बुडवते.

वर पांढरी, सपाट, सुरकुतलेली साय आली तर ती यीस्टची असते, काढून टाका, चव थोडी उतरते इतकंच. पण केसाळ काही दिसलं, हिरवं, काळं, गुलाबी, किंवा कुजका वास आला तर सगळी बरणी ओता, वरचं काढून खालचं वाचवायला जाऊ नका आणि "जरा चाखून बघू" तर नकोच.

आता मला हमखास विचारतात, कांजी चार दिवस बाहेर राहते मग रात्रीचा भात ओट्यावर राहिला तर काय झालं, सकाळी फोडणीचा करू की. अहो, कांजीत मीठ आहे आणि तासागणिक आंबटपणा वाढतोय, भातात दोन्ही नाही. भातात असे जंतू असतात की त्यांची बीजं शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात, आणि त्यांनी केलेलं विष कितीही खमंग फोडणी दिलीत तरी जात नाही. उरलेला भात दोन तासांच्या आत, पसरट डब्यात, फ्रिजमध्ये. तेलात बुडवलेल्या कच्च्या लसणाचंही तेच, तिथे तर वरून हवासुद्धा बंद होते, आणि बोट्युलिझमचं (म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचं) विष ना वासाला कळतं ना चवीला. तो फ्रिजमध्येच ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

कांजी तयार झाली की गाळून फ्रिजमध्ये, दोनेक आठवडे छान राहते. ब्लडप्रेशरवाल्यांनी अर्ध्या वाटीवर थांबा, मीठ बरंच आहे. गाजरं फेकू नका, दाण्याचं कूट आणि हिरवी मिरची घालून कोशिंबीर करा, वरून मीठ अजिबात नको, आमच्याकडे सासूबाईच पहिली वाटी घेतात आता.