शुगर आणि चरबीचा रिपोर्ट बिघडतोय? ताटातल्या या चुका टाळा

रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, 260 दिसलं की पहिल्यांदा तूप बंद होतं. मग अंड्यातलं पिवळं जातं. भात मात्र दोनदा वाढून घेतला जातो, गोड चहा चार वेळा होतो आणि उन्हाळ्यात उसाचा रसही. तीन महिन्यांनी आकडा जिथल्या तिथे. जास्तीची साखर आणि भात-मैद्यासारखे पिष्टाचे पदार्थ यकृतात चरबीत बदलतात, आणि ती चरबी ट्रायग्लिसराइड म्हणून रक्तात उतरते. दारूनेही हा आकडा झपाट्याने चढतो. एलडीएलची, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलची, वाट वेगळी आहे. साय, लोणी, तूप, मटणाची चरबी आणि नारळ यांतली संपृक्त चरबी ते वाढवते. त्यामुळे कुठला आकडा चढलाय हे आधी बघा, मग काय कमी करायचं ते ठरवा. ट्रायग्लिसराइड 150 च्या आत हवं. ते 500 च्या पुढे गेलं तर स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. अशा वेळी घरगुती उपायांत दिवस घालवू नका, थेट डॉक्टरांकडे जा.

आपल्याकडची सगळ्यात घट्ट बसलेली समजूत म्हणजे साखर वाईट आणि गूळ चालतो. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची चव आणि रंग याबद्दल वादच नाही. पण गुळाचा बहुतांश भाग साखरच असतो. त्यातलं थोडंसं लोह शुगर चढायचं थांबवत नाही. दिवसात चार कप चहा आणि कपाला 10 ग्रॅम गूळ, म्हणजे 40 ग्रॅम झाला. शिवाय 'गूळच आहे' म्हणून हात सैल सुटतो. काकवी आणि मधालाही हेच लागू.

मिसळ बंद करायची गरज नाही, तिची मांडणी बदला. मोडाच्या मटकीत प्रथिनं आणि चोथा दोन्ही आहेत, ताटलीतला कामाचा भाग तोच. गडबड करतात फरसाण, कटावरचा तेलाचा तवंग आणि ब्रेड. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण 13 ते 15 ग्रॅम कर्बोदकं असतात. चार स्लाइस म्हणजे 50 ग्रॅमच्या पुढे, आणि मैदा असल्याने ती रक्तात लवकर उतरतात. उसळ दुप्पट मागा, फरसाण मूठभर, ब्रेड एकच. फुकट मिळतो म्हणून पुन्हा पुन्हा कट घेऊ नका. आधी कांदा-उसळ खा, ब्रेड शेवटी. या क्रमाने शुगर कमी उसळते.

तांबड्या-पांढऱ्या रस्स्याच्या जेवणात लोक मटणाच्या फोडी मोजतात आणि रस्सा वाट्यांनी पितात. पांढऱ्यात नारळाचं दूध आणि मटणाचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, तांबड्यावर तेल. चरबी बरीचशी रस्स्यातच उतरलेली असते. घरी करताना अळणी आदल्या रात्री शिजवा, निवलं की फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी वर पांढरा थर गोठलेला दिसेल, तो चमच्याने काढून टाका. चव अळण्यात राहते, मटणाची बरीच चरबी निघून जाते. पांढरा एक वाटी पुरे.

कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण म्हशीचं दूध पौष्टिक आहे, पण त्यात साधारण 7 टक्के चरबी असते. 250 मिलीच्या ग्लासात 17 ग्रॅमच्या आसपास झाली. एलडीएल वाढलेल्या माणसाने रोजचं दूध तापवून, गार करून, साय काढून घ्यावं.

ज्वारीची भाकरी चांगलीच, पण मोजून. 50 ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत जवळपास 35 ग्रॅम कर्बोदकं असतात. तीन भाकऱ्या आणि वर भात खाल्ला, तर ज्वारीचा फायदा हिशेबातच राहत नाही. तेलाच्या डब्यावर 'कोलेस्टेरॉल नाही' लिहिलेलं वाचून हात सैल सोडू नका. कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं. माणशी महिन्याला अर्धा लिटर धरा. चौघांच्या घरात दोन लिटरचा डबा महिनाभर पुरायला हवा.

नवरात्रात अंबाबाईचे नऊ उपवास धरणाऱ्यांनी विशेष जपावं. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्याने शुगर चढते; आणि गोळी किंवा इन्सुलिन घेऊन दिवसभर पोट रिकामं ठेवलं तर ती घसरते. घटस्थापनेच्या आधीच डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घ्या. खिचडीऐवजी वरीचा थोडा भात, ताक, शेंगदाणे आणि काकडी बरी. घाम, थरथर, गरगरणं जाणवलं आणि शुगर 70 च्या खाली दिसली, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. अशा वेळी उपवास मोडायलाच हवा.

तपासणीतही चुका होतात. आदल्या रात्री लग्नाचं जेवण किंवा दारू झाली असेल, तर ट्रायग्लिसराइड फुगलेलं येतं. उलट, तपासणीआधी चार दिवस पथ्य पाळलं की आकडा खोटा चांगला दिसतो. शुगरची तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीए1सी मात्र त्याने फारसं हलत नाही. 10 ते 12 तास उपाशी राहा, पाणी चालतं, चहा नाही. जेवणानंतरच्या शुगरसाठी दोन तास पहिल्या घासापासून मोजा, हात धुतल्यापासून नाही. घरी ग्लुकोमीटर असेल तर एका रविवारी नेहमीसारखी मिसळ खाऊन दोन तासांनी आकडा लिहा, पुढच्या रविवारी एकाच ब्रेडची खाऊन.