रात्री पोटरीत गोळा आला की या चुका टाळा

रात्री अडीचला आतल्या खोलीतून "अगं आई गं" ऐकू आलं की आमच्याकडे आता कुणी घाबरत नाही. आईच्या पायात गोळा आलेला असतो. पूर्वी त्या आवाजासरशी सगळं घर उठायचं. मी पोटरी रगडायला बसायचो, बाबा तेल कोमट करायला ओट्याकडे धावायचे आणि आई पाय ताठ करून कण्हत पडलेली असायची. एकदा दिवा लावून नीट पाहिलं. पोटरीवर लिंबाएवढा उंचवटा, हाताला सुपारीसारखा टणक, आणि पंजा खाली ओढला गेलेला. आई बोटं आणखी खाली ताणत होती आणि मी वरून दाब देत होतो. दोघांचंही उलटं चाललं होतं.

"शिरेवर शीर चढली" असं आपण म्हणतो, पण त्यात शिरेचा काही संबंध नसतो. पोटरीचा स्नायू आपोआप आकसतो आणि मज्जातंतूंकडून "आकस, आकस" असा हुकूम येत राहिल्यामुळे सैल पडत नाही. झोपेत पंजा खाली झुकलेला असतो, त्यामुळे पोटरी आधीच आखूड झालेली असते. पहाटे अंथरुणात आळोखेपिळोखे देताना बोटं पुढे ताणली की नेमका गोळा येतो, तो म्हणूनच.

चुकीच्या दिशेने ताण देणं

गुडघा सरळ ठेवा आणि पायाची बोटं नडगीकडे, म्हणजे स्वतःकडे ओढा. झटका नको, सावकाश. हात पोचत नसेल तर तळव्याला पंचा अडकवून दोन्ही टोकं ओढायची. आईच्या उशाखाली त्यासाठी एक जुना पंचा कायम असतो. उभं राहता येत असेल तर टाच जमिनीला पक्की टेकवून पायावर भार द्या. मात्र वयस्कर माणसाने अंधारात एकट्याने उठू नये, पडण्याची भीती गोळ्यापेक्षा मोठी. चोळणं, शेकणं हे सगळं गोळा सुटल्यावर. मधुमेहामुळे तळव्यांना बधिरपणा असेल तर गरम पाण्याची पिशवी दुसऱ्याने हात लावून तपासल्याशिवाय पायावर ठेवू नका. चटका बसलेला कळतही नाही. गोळा सुटल्यावर दुसऱ्या दिवशी पोटरी ठणकते, त्यात काळजीचं काही नाही.

सगळा दोष थंडीला देणं

डिसेंबरात पुण्यात गारठा पडला की "थंडीने गोळे येतात" हे ठरलेलं वाक्य. पण २०१५ मध्ये कॅनडातून आलेल्या एका अभ्यासात या तक्रारीवरच्या औषधाच्या नव्या चिठ्ठ्या आणि इंटरनेटवरचे शोध हिवाळ्यापेक्षा उन्हाळ्यात जवळपास दुप्पट दिसले. थंडीतली खरी भानगड मला वेगळीच वाटते: पायथ्याशी घट्ट खोचलेली रजई. तिच्या वजनाने पंजे रात्रभर खाली दाबले जातात. पायाकडची बाजू मोकळी सोडा. पालथं झोपत असाल तर पावलं गादीच्या कडेबाहेर राहू द्या.

दिवसा पायऱ्या चढलो, म्हणजे व्यायाम झाला

पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या चढून आलेल्या आमच्या शेजारच्या काकांनाही रात्री गोळा येतोच. चढण्याने पोटऱ्या दमतात, पण म्हणून मोकळ्या होतात असं नाही. झोपण्याआधी भिंतीवर तळवे टेकवून एक पाय मागे घ्यायचा, टाच जमिनीवर, गुडघा सरळ, आणि पुढे झुकून सावकाश तीसपर्यंत मोजायचं. प्रत्येक पायाला तीनदा. २०१२ मध्ये नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांवरच्या ८० जणांवर सहा आठवडे प्रयोग झाला. झोपण्याआधी पोटऱ्या आणि मांडीमागचे स्नायू ताणणाऱ्यांचे गोळे कमी झाले. २००५ च्या इंग्लंडमधल्या अभ्यासात पोटऱ्या ताणून फरक पडला नव्हता, हेही खरं. पण फुकटचा, निरुपद्रवी उपाय आहे. करून बघायला काय जातं?

केळं, मीठ आणि मनाने घेतलेल्या गोळ्या

केळं खा, पण गोळा आल्यावर खाल्लेलं केळं तो सोडवत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळ्यातलं पोटॅशियम महागात पडू शकतं. रक्तदाब असलेल्यांनी मीठ वाढवू नये. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा वयस्कर माणसांना फारसा उपयोग होत नाही, असंच आजवरच्या चाचण्यांचं एकत्रित मत आहे. क्विनीनचं तर नावही काढू नका. ते मलेरियाचं औषध. पायाच्या गोळ्यांसाठी ते घेतल्यावर रक्तातल्या प्लेटलेट्स धोकादायक पातळीला उतरल्याचे आणि हृदयाचे ठोके बिघडल्याचे प्रकार घडले, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने याबद्दल इशारे दिले आहेत.

औषधांची पिशवी न दाखवणं

आमची सगळ्यात मोठी चूक ही. आईच्या रक्तदाबाच्या औषधात लघवी वाढवणारी, घरात जिला "पाण्याची गोळी" म्हणतात ती होती. दोन वर्षं आम्ही तेलं बदलत राहिलो आणि डॉक्टरांकडे औषधांचा विषयच काढला नाही. पिशवी दाखवल्यावर त्यांनी सोडियम-पोटॅशियम तपासून गोळी बदलली. आठवड्यातून तीनदा येणारा गोळा महिन्यातून एक-दोनदावर आला. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिनने स्नायू दुखतात आणि दम्याच्या काही पंपांनीही गोळे येतात. मात्र यातलं काहीही स्वतःच्या मनाने बंद करायचं नाही.

पायाच्या प्रत्येक दुखण्याला गोळा म्हणणं

पाय हलवत राहावंसं वाटतं, चालल्यावर बरं वाटतं, पण पोटरी टणक होत नाही, तर ते वेगळं दुखणं. चालताना पोटरी भरून येते आणि थांबलं की सुटते, तर पायाचा रक्तपुरवठा तपासायला हवा. एकच पाय सुजला, गरम आणि लालसर झाला, दुखणं थांबेना, तर रक्ताची गुठळी असू शकते. असा पाय अजिबात चोळू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरोदरपणात नुसते गोळे नेहमीचेच, पण अशी सूज तेव्हाही दुर्लक्षायची नाही.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद न्या: कोणत्या रात्री, कोणता पाय, किती मिनिटं, त्या दिवशी काय केलं. आईने हे सगळं दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं होतं. डॉक्टरांनी आधी दुधाचा हिशेब वाचला.