बजेट २० तारखेलाच का संपतं? या चुका टाळा

आमच्या कपाटात हिशेबाच्या तीन वह्या आहेत. तिन्ही जानेवारीत सुरू झालेल्या, तिन्ही जूनमध्ये बंद पडलेल्या. पहिले पाच महिने अगदी टापटीप: दूध, भाजी, वाणसामान, पेट्रोल, वीजबिल, शेवटी बेरीज आणि खाली दुहेरी रेघ. जूनच्या पानावर मात्र शाळेची फी, पुस्तकं, गणवेश, दोन रेनकोट आणि विम्याचा हप्ता एकाखाली एक आले, आणि बेरीज न करताच वही मिटली.

बरीच वर्षं मला वाटायचं, आपला हातच सैल आहे. बाहेरचा चहा बंद केला, रिक्षाऐवजी बस धरली, सहा महिने हॉटेलचं तोंड पाहिलं नाही. तरी जून आला की तेच. चहाचा काही दोष नव्हता. बजेट आम्ही महिन्याचं करत होतो आणि खर्च वर्षाचा होता.

गणपती 'अचानक' येत नाहीत

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. "या महिन्यात जरा जास्तच खर्च झाला" असं आपण वर्षातून सात-आठ वेळा म्हणतो. मग तो 'या महिन्याचा' कसा? शाळा जूनमध्ये उघडणार हे डिसेंबरातही माहीत असतं. गणपती-दिवाळीच्या तारखा फार तर पंधरा-वीस दिवस मागे-पुढे होतात. गाडीच्या विम्याची तारीख तर पॉलिसीवर छापलेलीच असते.

बँकेचं मागच्या १२ महिन्यांचं स्टेटमेंट उघडा. दर महिन्याला न येणारी, पण हजार-दोन हजारांच्या वरची प्रत्येक रक्कम एका कागदावर उतरवा. माझ्या कागदावर हे निघालं: शाळेची फी आणि पुस्तकं २४,०००, विम्याचा हप्ता १८,०००, दिवाळी १५,०००, गणपतीला गावी जाणं-येणं ९,०००, लग्नांतले आहेर ६,०००, स्कूटरचं सर्व्हिसिंग आणि टायर ५,०००, घरपट्टी ४,८००, स्कूटरचा विमा २,२००. बेरीज ८४,०००. भागिले १२, म्हणजे महिन्याला ७,०००. हे सात हजार कधीच आमचे नव्हते, आम्ही ते आमचे समजून खर्च करत होतो.

आता पगार झाला की त्याच दिवशी ते दुसऱ्या बचत खात्यात जातात. त्या खात्याचं डेबिट कार्ड पर्समध्ये नाही आणि ते फोनवरच्या कुठल्याही पेमेंट ॲपला जोडलेलं नाही. हे महत्त्वाचं. जोडलेलं असलं की एखाद्या रविवारी हात जातोच.

इथे दोन अडचणी हमखास येतात. पहिली, तुम्ही ऑगस्टमध्ये सुरुवात केली आणि दिवाळी तोंडावर आहे. अशा वेळी बाराने भागून चालत नाही. तो खर्च यायला जितके महिने उरलेत तितक्यांनीच भागायचं, म्हणजे पहिलं वर्ष जड जाणार, दुसऱ्यापासून बाराचा हिशेब लागू. दुसरी अडचण, आकडा इतका मोठा येतो की पगारात बसतच नाही. मग कात्री याच कागदावर चालवायची. भाजीवाल्याशी दोन रुपयांची घासाघीस करून ८४,००० चे ७०,००० होत नाहीत, पण आहेर आणि दिवाळीची खरेदी आधी ठरवली तर होऊ शकतात. वर पैसे हाताशी असले की थोडा फायदाही होतो: बऱ्याच विमा योजनांत वार्षिक हप्ता हा मासिक हप्त्यांच्या बेरजेपेक्षा कमी असतो, आणि अनेक महापालिका घरपट्टी लवकर भरणाऱ्यांना सवलत देतात.

'उरलं तर टाकू'

उरत नाही. पगाराच्या दुसऱ्या दिवसाची तारीख टाकून रिकरिंग डिपॉझिट सुरू करा, बँकेत किंवा पोस्टात. पोस्टात महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होतं. पीपीएफमध्ये, म्हणजे सरकारच्या दीर्घ मुदतीच्या बचत खात्यात, भरत असाल तर महिन्याच्या ५ तारखेच्या आत भरा. तिथे व्याज ५ तारखेनंतर महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात, त्यामुळे ६ तारखेला भरलेल्या पैशाचं त्या महिन्याचं व्याज मिळत नाही.

पण सगळंच पीपीएफमध्ये कोंबू नका. ते खातं १५ वर्षांचं आहे. उद्या कोणाला दवाखान्यात न्यावं लागलं तर तो पैसा वेळेवर हाती येईलच असं नाही. किमान तीन महिन्यांचा घरखर्च मोडता येईल अशा मुदत ठेवीत असू द्या. पाडव्याला घेतलेला दागिनाही राखीव पैशात धरू नका. हौस म्हणून जरूर घ्या, पण घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी विकताना परत मिळत नाही.

छोटे पैसे दिसेनासे होणं

माझी आई भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे मांडायची. त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने एक फुली, आणि महिनाअखेरीस दूधवाल्यासमोर त्या फुल्या मोजल्या जायच्या. आज क्यूआर कोड स्कॅन केला की पैसे गेल्याचं कळतही नाही. त्यातही यूपीआय लाइट (छोट्या खर्चासाठी ॲपमध्येच आधी पैसे भरून ठेवायचं वॉलेट) वापरत असाल तर बँकेच्या स्टेटमेंटमध्ये फक्त वॉलेटमध्ये भरलेली रक्कम दिसते, ती वडापाववर गेली की रिक्षावर, हे दिसत नाही. मग वहीत 'किरकोळ' नावाचा रकाना फुगत जातो. किरकोळ जर वाणसामानापेक्षा जास्त झालं, तर ते किरकोळ राहिलं का?

प्रत्येक रुपया लिहायचा हट्ट मी सोडला, तो पंधरा दिवसांच्या वर टिकत नाही. त्याऐवजी भाजी, फळं, रिक्षा, बाहेरचं खाणं यांचे पैसे दर सोमवारी वेगळे काढते, आठवड्याला ३,०००. गुरुवारीच संपले तर शुक्रवार ते रविवार घरात काय आहे ते बघायचं. महिन्याच्या बजेटमध्ये चूक २० तारखेला कळते, आठवड्याच्या बजेटमध्ये चौथ्या दिवशी. सलग तीन आठवडे गुरुवारीच संपत असतील तर तुमचं वागणं ठीक आहे, आकडा चुकीचा आहे. तो वाढवा आणि दुसरीकडे कुठेतरी कमी करा.

याच वेळी यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचं, म्हणजे आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचं, पानही उघडून बघा. माझ्याकडे मुलाने परीक्षेपुरतं घेतलेलं एक सबस्क्रिप्शन परीक्षा होऊन आठ महिने चालू होतं.

'मिनिमम ड्यू' भरून सुटलो असं वाटणं

समजा, क्रेडिट कार्डाचं बिल ४०,००० आलं आणि तुम्ही किमान रक्कम म्हणून २,००० भरले. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरलं तर उरलेल्या ३८,००० वर साधारण १,३३० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,५७० च्या आसपास. २,००० भरून कर्ज कमी झालं सव्वाचारशेने. शिवाय जुनं बिल पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. असा फास लागला असेल तर कार्ड वापरणं थांबवा आणि मुदत ठेव मोडून ते फेडा. ठेवीवर वर्षाला मिळणारं व्याज कार्ड दोन-तीन महिन्यांत खाऊन टाकतं.

'नो कॉस्ट ईएमआय' घेण्याआधी त्याच वस्तूची रोख किंमत विचारा. प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बहुतेक वेळा तुमच्याच माथी असतो.

वर्षाचं धान्य

उन्हाळ्यात गहू-तांदूळ भरून ठेवणं स्वस्त पडतं, पण जागा कोरडी असेल तरच. आमच्या दमट फ्लॅटमध्ये ऑगस्टला तांदळात टोके झाले आणि दहा किलो पाखरांना घालावे लागले. आता तीन महिन्यांचंच भरते.

घरात दोघंही आहेत

एकट्याने केलेलं बजेट दुसऱ्याला पोलिसी वाटतं. मी सुरुवातीला ह्यांच्याकडे पेट्रोलच्या पावत्या मागायचे. त्यावरून झालेली भांडणं वहीत लिहिलेली नाहीत. आता दोघांनाही महिन्याला एकेक हजार बिनहिशेबी मिळतात, त्याचं काय केलं हे विचारायचं नाही. ह्यांच्या हजारातून गेल्या महिन्यात घरात तिसरी टॉर्च आली. मी काही बोलले नाही.